विथ ड्रायव्हर की विदाऊट?

ड्रायव्हरचं खरं काम वाट बघणं, असं आमच्या भाड्याच्या गाड्यांच्या स्टँडवरचे युसुफचाचा म्हणतात. पाहुणा देवळात गेला, वाट बघा. पाहुणी साड्या बघायला गेली, तर चटई अंथरा! आता चार माणसं रोज एकाच बाकावर वाट बघत बसली, की किस्से साचणारच. गाडीच्या डिकीत कुणाची एक चप्पल, कुणाची छत्री, कुणाच्या औषधाची बाटली साचत जाते ना, तसे.

त्या बाकाच्या टोकाला मी बसते. माझे वडील, म्हणजे अण्णा, इथे ड्रायव्हर आहेत. आई सुरतेबाहेर पलसाण्याला एका युनिटमध्ये साड्यांच्या घड्या घालते. ती सकाळी सातला जाते आणि दिवेलागणीला येते. माझी शाळा बाराला सुटते. रिकाम्या खोलीत बसण्यापेक्षा स्टँडवर अभ्यास कर, तिथे अण्णा असतात, असं घरात ठरलं. पण थंडी पडली, परदेशातले पाहुणे येऊ लागले, की स्टँडवर अण्णा सोडून सगळे असतात. नववीचा अर्धा भूगोल मी त्या बाकावर पाठ केला आहे. मी फारसं बोलत नाही. त्यामुळे मी तिथे आहे हे लोक विसरतात, आणि बोलत राहतात.

*

सुरतेला काही परदेशातली विमानं येत नाहीत. लंडन-अमेरिकेचे पाहुणे मुंबईला उतरतात आणि आमचे ड्रायव्हर त्यांना आणायला जातात. विमानतळाबाहेर नावाचा पुठ्ठा धरून उभं राहायचं. अण्णांना मराठी वाचता येतं, गुजराती ते लावून लावून वाचतात. पण इंग्रजी अक्षरं म्हणजे त्यांच्यासाठी साडीची बॉर्डर. कुठूनही धरा, छानच दिसते!

एकदा ते तासभर पुठ्ठा उलटा धरून उभे. पाहुणे त्यांच्यासमोरून तीनदा गेले. शेवटी एका आजोबांनी मान पार वाकडी करून उलटं नाव वाचलं आणि विचारलं, "भाई, तमे ऊंधा छो के अमे?"

तेव्हापासून अण्णांच्या पुठ्ठ्यांवर नावं मी लिहिते. पेन्सिलीने रेघा आखून, ठळक. आणि वरच्या कोपऱ्यात एक छोटा हिरवा पोपट काढते. पोपटाचं डोकं वर, म्हणजे नाव सुलटं. ही खूण फक्त आम्हा दोघांची.

पण पाहुण्यांना वाटलं, ते कंपनीचं चिन्ह आहे! पुढच्या हिवाळ्यात मँचेस्टरहून एका बाईंचा फोन आला: मागच्या वेळचा पोपटवालाच पाठवा. स्टँडचे मालक कांतिभाई बाहेर आले, चारही ड्रायव्हरांकडे एकेक करून बघितलं आणि कडाडले, "गाडीमां पोपट कोण राखे छे?"

*

मग 'विदाऊट' आलं.

झालं असं, की लंडनच्या एका पाहुण्याने कांतिभाईंना सांगितलं, "आमच्याकडे परदेशी गेलं की गाडी भाड्याने घेतात आणि स्वतः चालवतात. ड्रायव्हर कोण ठेवतो?" कांतिभाईंना ते फार मॉडर्न वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडूनच एक मोठा पुठ्ठा लिहून घेतला: विथ ड्रायव्हर, विदाऊट ड्रायव्हर. दोन्ही ओळी सारख्याच सुंदर यायला हव्या होत्या. मी दोन्ही सारख्याच काढल्या.

पुठ्ठा बाकासमोर लागला. विदाऊटचा एक पाहुणा म्हणजे एका ड्रायव्हरचा रिकामा दिवस, हे सगळ्यांना कळत होतं. अण्णांनी विचारलं, "काय लिहिलंय बेटा?" मी वाचून दाखवलं. "अक्षर छान आहे," ते म्हणाले.

युसुफचाचा मात्र पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "सेठ, टिफिन दे रहे हो, अंदर खाना नहीं!"

*

विदाऊटचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे एक डॉक्टर. परदेशात पंचवीस वर्षं गाडी चालवलेले, खिशात आंतरराष्ट्रीय लायसन्स. त्यांनी अँबॅसेडरची किल्ली घेतली, आरसे नीट केले, सीटचा पट्टा शोधला, तो नव्हता, आणि निघाले.

अर्ध्या तासात ते रिक्षाने परत! कपाळाला घाम. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

कांतिभाई उठून उभे राहिले. "साहेब, गाडी?"

"रिंग रोडवर आहे."

"बंद पडी?"

"नाही. समोर गाय बसली होती. मी थांबलो. ती उठेल म्हणून वाट बघितली. मग मागून इतके लोक ओरडायला लागले..."

"पण हॉर्न नही मारा?" चाचांनी विचारलं.

"तिच्यावर?" डॉक्टर म्हणाले. "मला ते उद्धट वाटलं!"

*

विथ ड्रायव्हर घ्यायला पाहुणे का घाबरतात, तेही मी ऐकलं आहे. अमेरिकेच्या एका काकूंनी वहीत दोन रकाने पाडले होते. विथच्या रकान्यात: रस्ता माहीत, सामानाजवळ माणूस, पार्किंगची कटकट नाही. विदाऊटच्या रकान्यात एकच गोष्ट, पण खाली दोन रेघा: घरचं बोलणं बाहेर जात नाही.

त्यांनी अण्णांना विचारलं, "गुजराती समजे छे?"

अण्णांनी भोळा चेहरा केला. "नही बेन. मैं तो खानदेश का."

अण्णा वीस वर्षं सुरतेत आहेत! पण स्टँडवरचा नियमच आहे: गाडीत बसलं की ड्रायव्हरला भाषा नसते.

मग काय, तीन दिवस त्या कुटुंबाने मागच्या सीटवर मनसोक्त भांडून घेतलं. विषय, भाचीचं स्थळ. मुलगा नवसारीचा करायचा की अंकलेश्वरचा? कुणाची आई कशी, कुणाचा पगार खरा, कुणाचे केस खरे. तिसऱ्या दिवशी कामरेजच्या अलीकडे सगळे दमून गप्प झाले. काकूंनी सुस्कारा सोडला आणि आता काय करावं ते देवालाच विचारावं तसं विचारलं, "हवे शुं करवुं?"

पुढच्या सीटवरून आवाज आला, "नवसारीवाळो सारो छे, बेन."

लग्न नवसारीलाच झालं. अण्णांना आमंत्रण होतं, पण त्या दिवशी ते दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन बडोद्याला होते.

*

हा किस्सा बाकावर कुणी सांगत नाही, कारण यात हसण्यासारखं काही नाही. मीच माझ्याजवळ ठेवला आहे.

मागच्या डिसेंबरात लंडनचं एक कुटुंब दहा दिवस अण्णांच्या गाडीत होतं. त्यांची मुलगी माझ्याएवढी. तिला मागे बसलं की उलटी होते, म्हणून दहाही दिवस ती पुढे, अण्णांच्या शेजारी. एकदा ते स्टँडवर थांबले, तेव्हा ती खाली उतरली आणि माझ्याशी बोलली. "This is my first time abroad," ती म्हणाली.

मी घरी जाऊन शब्दकोशात बघितलं. abroad म्हणजे परदेश. म्हणजे मी चौदा वर्षं परदेशात राहते आहे, आणि मला कुणी सांगितलंच नाही!

त्या दहा दिवसांत अण्णा घरी आले की जेवताना तिच्याबद्दल सांगायचे. ती चिंच-गुळाची आमटी चमच्याने पिते. तिला शेतातले बगळे फार आवडले. "आणि तिला परीक्षेची भीती वाटते बरं का. रडली बिचारी. मी म्हटलं, दीकरी, घाबरायचं नाही, पेपर म्हणजे काय, एक घाटच. हळूहळू चढायचा."

दीकरी म्हणजे लेक. मलाही परीक्षेची भीती वाटते. सहामाहीचा निकाल तेव्हा नुकताच लागला होता. मी आमटी वाढून घेतली.

अण्णांच्या शेजारच्या सीटवर मी कधी बसलेली नाही. गाडी कांतिभाईंची आहे.

*

आता शेवटचा. हा मी बाकावर कधीच सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

जानेवारीत शहरातल्या शाळांची इंग्रजी हस्ताक्षराची स्पर्धा झाली. त्यात मी पहिली आले. बक्षीस समारंभ रविवारी सकाळी, आणि चिठ्ठीत लिहिलं होतं की विद्यार्थ्याने पालकासह मंचावर यावे. आईची सुट्टी रविवारी नसते. अण्णांनी चिठ्ठी दोनदा लावून वाचली. "पुठ्ठे लिहून लिहून पहिली आली माझी पोर! रविवारी मी येणार. लंडनहून कुणी का येईना." शनिवारीच त्यांनी पांढरा शर्ट घडी करून गादीखाली दाबायला ठेवला.

शनिवारी दुपारी स्टँडवर मी एकटी होते. बाकीच्या तीन गाड्या एका लग्नाला गेल्या होत्या; रविवारीही त्या तिकडेच असणार होत्या. उरली होती फक्त अण्णांची. अण्णा ती धुवायला घेऊन गेले होते, कांतिभाई जेवायला. फोन वाजला. मी सहसा उचलत नाही. तो थांबेना.

पलीकडे एक साहेब होते, इंग्रजीत बोलत होते. हॉटेलात उतरले आहेत. उद्या कामरेजच्या पुढे त्यांच्या आजोबांचं गाव बघायला जायचं आहे. गाडी हवी. "With driver or without? What do you advise?"

मला इंग्रजी लिहिता येतं. बोलले मात्र त्याआधी कधीच नव्हते. मी पुठ्ठ्याकडे बघितलं. दोन्ही ओळी सारख्याच दिसत होत्या.

"Without," मी म्हटलं.

"Is the road easy?"

हमरस्त्यावर ट्रक कसे येतात हे मला माहीत आहे. बाकावर दुसरं काय ऐकते मी?

"Yes," मी म्हटलं, आणि वहीत त्यांचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, विदाऊट.

रविवारी सकाळी अण्णा पांढऱ्या शर्टात, मी रिबिनी लावून, आम्ही दोघं आधी स्टँडवर गेलो. किल्ली देऊन पुढे जायचं होतं. साहेब आले होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, रस्त्याकडे बघितलं, आणि कांतिभाईंना म्हणाले, गाडी मीच चालवणार, पण रस्ता दाखवायला एक माणूस शेजारी द्या.

कांतिभाईंनी बाकाकडे बघितलं. बाक रिकामा. मग अण्णांकडे.

"सेठ, आज पोरीचं बक्षीस आहे," अण्णा म्हणाले.

"अरे वामनभाई, गाडी चलाववानी ज नथी! फक्त बाजूमां बसवानुं. आ काम क्यां छे? आ तो रजा ज छे!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "जाऊ का?"

फोन मीच उचलला होता. मी मान हलवली, जा. अण्णा डाव्या बाजूचं दार उघडून बसले. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. गाडी अगदी हळू निघाली, इतकी हळू, की थोडा वेळ मी तिच्याबरोबर चालत होते.

समारंभात माझं नाव पुकारलं. माझ्या आधीची मुलं कुणी आईबरोबर, कुणी आजोबांबरोबर गेली होती. मी पायऱ्या चढले. बक्षीस देणाऱ्या बाईंनी माझ्या मागे बघितलं, मग हसून विचारलं, "वाली साथे नथी? With parent, ना?"

तोंडातून एकच शब्द निघाला. आदल्या दिवशी बोललेला.

"Without."

बाई खूप हसल्या. माईकमध्ये म्हणाल्यासुद्धा, केटली स्मार्ट छोकरी!

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा उजवा पाय चोळत होते. दिवसभर नसलेला ब्रेक दाबून दाबून पाय भरून आला होता. ते दमलेले होते, तरी खुशीत होते. "त्या बाजूने काय काय दिसतं गं! वीस वर्षं त्या रस्त्याने जातोय. कालव्याला पायऱ्या आहेत, बायका धुणं धुतात, मला ठाऊकच नव्हतं. मी आपला समोर बघणारा." मग थांबले. "तुला कुणी विचारलं का? वडील कुठे म्हणून?"

"नाही," मी म्हटलं.

"फोनवर त्या साहेबांना विदाऊट कोणी सांगितलं, कोण जाणे. इतका वाईट चालवतो बिचारा!"

मी प्रमाणपत्र आणून त्यांच्यासमोर धरलं. सगळं इंग्रजीत, चारही बाजूंनी सारखीच वेलबुट्टी. त्यांनी आधी शर्टाला हात पुसले, मग ते दोन्ही हातांनी घेतलं. बराच वेळ बघितलं. एकदा फिरवलं. पुन्हा फिरवलं. चारही कोपरे बघून झाले, तेव्हा माझ्याकडे न बघता, घरच्या बोलीत, हळूच म्हणाले,

"ह्यावर पोपट कोठे शे वं?"