पुढचा थवा गैरहजर

हर्सूलच्या बाजूला आमची शाळा. मी तिथं तात्पुरता विज्ञानशिक्षक होतो, आणि कायम होण्याच्या कागदावर मुख्याध्यापकांची सही तेवढी राहिली होती. मुख्याध्यापक म्हणजे पिशोरकडच्या बड्या जमीनदाराचे चिरंजीव. ते शिंकले की चिकलठाण्याला उतरायला आलेलं विमान पुन्हा वर जायचं. त्यांच्या वजनाबद्दल मी बोलत नाही. नोकरीत लागलेली सवय अजून सुटलेली नाही.

तपासणीस साहेब येणार म्हणून मी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं सूर्यमाला आखली. गुरू ग्रह कुणी व्हायचं यावर चर्चा झालीच नाही. त्या मापाचा दुसरा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. आता, गुरूच्याच वाटेवरून लघुग्रहांचे दोन थवे सूर्याभोवती फिरतात. एक त्याच्या साठ अंश पुढं, एक तेवढाच मागं. म्हणून मी वीस पोरं पुढं उभी केली, वीस मागं.

"माझ्या पुढं कोण निघालंय हे?" मुख्याध्यापक सरांनी विचारलं.

"लघुग्रह आहेत, सर. ते पुढंच असतात."

"आमच्या गावात वडलांच्या पुढं बैल चालत नव्हता, अन् ही शेंबडी पोरं माझ्या पुढं? घ्या समद्यांना मागं."

"पण सर, आकाशात तसं नाय."

"आकाशातल्यांना कायम व्हायचं नाय, मास्तर. तुम्हाला व्हायचंय."

मी शिट्टी वाजवली. चाळीसच्या चाळीस पोरं मागं गेली.

साहेब आले, आणि माझं नशीब असं की त्यांना ताऱ्यांचा शौक. गुरू डुलत निघाला, मागं वरातीसारखी पोरं. एक फेरी पुरी झाल्यावर साहेब म्हणाले, "मागचा थवा दिसला. पुढचा कुठं आहे?"

सर जराही अडखळले नाहीत. "गैरहजर आहे, साहेब."

साहेब माझ्याकडं वळले. "सगळाच?"

मी सरांकडं पाहिलं. ते खिशातलं पेन काढून त्याचं टोपण सावकाश फिरवत होते.

"व्हय साहेब," मी म्हणालो. "सगळाच."

साहेबांनी वहीत काहीतरी खरडलं, चहा घेतला आणि गेले. संध्याकाळच्या आत माझ्या कागदावर सही झाली, चांगली ठसठशीत, वळणदार.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, पुढचे आज तरी आलेत का?"

"वनस्पतींचा धडा काढा," मी कायम शिक्षकाच्या आवाजात म्हणालो.