व्यंकट सरांनी दिलेला पासवर्ड

संगणकाचा पडदा काळा पडला की व्यंकट सर आधी चपला काढत. मग खुर्चीवर मांडी घालून म्हणत, "काळं झालं म्हणून मेलं न्हाई. आत सगळं चालू हाय, फकस्त तोंड दाखवून न्हाई राहिलं."

नांदेडच्या एका कॉलेजात ते लॅबप्रमुख, मी कंत्राटी सहायक. चाळीस लिनक्स मशीन. चित्रांचा पडदा येईनासा झाला की सर तीन बटणं दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर जात आणि लॉग उघडत. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मी घाईनं टाइप करायला गेलो की हातावर चापटी बसे. "आधी वाच. मंग बोटं चालव." त्यांच्यामुळे मी माणसात आलो, हे आजही नाकारत नाही.

सगळ्या मशीनमध्ये बदल करता येणारा मुख्य पासवर्ड मात्र ते कुणालाच देत नसत. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दुपारी चहा पिताना तो त्यांनी पेनानं माझ्या तळहातावर लिहिला. "आजपास्नं तू घरचा." मी गावी, लोह्याला, आईला फोन करून सांगितलं, आता नोकरी पक्की होणार.

सकाळी मशीन सुरू केली तर चाळीसच्या चाळीस पडदे काळे. मुलं दारात ताटकळलेली. मी लॉग वाचला. एका मशीनची डिस्प्लेची सेटिंग सगळ्यांवर चढवली होती, आणि बाकीच्यांची चित्र दाखवणारी कार्डं वेगळी. ती फाइल काढली तसे पडदे आले. पण परीक्षेला तासभर उशीर झाला होता.

प्राचार्यांनी विचारलं, पासवर्ड कुणाकडे असतो? सर शांतपणे म्हणाले, "कालपास्नं याच्यापाशी बी हाय. मी तर आठ दिवस हात लावला न्हाई."

फाइल चढली होती आदल्या सकाळी, पासवर्ड माझ्या हाती येण्याआधी, सरांच्याच नावानं. लॉगचा छापून घेतलेला कागद माझ्या खिशात होता. काढला नाही. ज्यानं शिकवलं त्याच्यावर बोट कसं दाखवायचं? माझाच मूर्खपणा. कंत्राट पुढे वाढलं नाही.

आता मी लातूरला एका क्लासच्या लॅबमध्ये आहे. मागच्या महिन्यात निवृत्त सरांचा फोन आला. घरचं मशीन काळं पडलं होतं, डोळे अधू झाल्यानं लॉग वाचता येत नव्हता. मी विचारलं, "सर, तेव्हा पासवर्ड मला का दिलात?"

सर म्हणाले, "बदल केला तवा पोरं बसलेली, मशीन बंद करून बघता आलं न्हाई. मनात पाल चुकचुकली. म्हटलं, आनखी कुनापाशी पासवर्ड असलेला बरा."

मला एकदम पोरकं वाटलं.

"बरं, सांग आता," सर म्हणाले, "कोणती फाइल काढू?"

मी फोन ठेवला.