लतानं काही सांगितलं नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि जिला सांगायला पाहिजे होतं, तिच्यासमोर तर तोंडच उघडलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतोय — आणि माझाच मला इतका संताप आलाय, की आता गप्प बसवत नाही.

मी सिनेमे करतो. छोटे, स्वतःच्या हिमतीवर. मुलाखतीत सगळे हमखास विचारतात — हे वेड कुठून लागलं? मी दात काढून सांगतो, "कोल्हापूरचा हाय की मी! मातीतच हाय ते." टाळ्या पडतात. माती म्हणे! थापाड्या लेकाचा.

माती कसली? आक्का होती — माझी थोरली बहीण. राजारामपुरीत दोन खोल्यांत राहायचो आम्ही. दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, घरात सिनेमाचं नावही खपायचं नाही. आक्का कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तास बुडवून मॅटिनीला जायची आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता मला अख्खा सिनेमा सांगायची. सांगायची कसली, करायची! घोड्याच्या टापा परातीवर, दाराची करकर तोंडानं. आणि ऐन रंगात आलं की थांबायची — "इंटरव्हल! चावीला पाणी आलंय, कळशी भरून आण, मग पुढचं." मी नळाकडे पळत सुटायचो. माझ्या सिनेमात भलत्याच क्षणी पडदा काळा होतो ना? ज्याच्यावर लोक लेख लिहितात? ते आक्काचं इंटरव्हल आहे हो. कुठल्या मुलाखतीत सांगितलं मी हे? एकाही नाही.

का नाही? कारण तिचं नाव घेतलं, की पुढचंही सांगावं लागतं.

एकदा मी हट्ट धरला, मलाही ने. ती म्हणाली, "तुला न्हेलं तर सापडंन की रं मी. आल्यावर सांगते की." एवढंच! तेवढ्यावरून मी — दहा वर्षांचा होतो, पण काय करतोय ते पक्कं कळत होतं — दुपारी दादा जेवायला बसले तेव्हा त्यांच्या ताटाशेजारी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. थेटरचं नावसुद्धा. कुणी विचारलं होतं मला?

संध्याकाळी आक्का आली. तिनं सिनेमा सांगितला — आणि मी निर्लज्जासारखा ऐकला. इंटरव्हल झालं. मी कळशी भरून आलो, तर दादा कामावरून आलेले आणि आक्काची कॉलेजची पुस्तकं अंगणात पडलेली. तिचं कॉलेज त्या दिवशी सुटलं ते सुटलंच. वर्षाच्या आत तिला गडहिंग्लजला दिली.

त्याच रात्री तिनं मला विचारलं होतं, "कुणी सांगितलं रं?" मी म्हणालो, "लतानं." लता म्हणजे शेजारची, तिची जिवाभावाची मैत्रीण. का तिचं नाव? तोंडात आलं म्हणून. बास.

गेल्या महिन्यात कोल्हापुरात माझ्या सिनेमाचा खेळ झाला. आक्का एस.टी.नं आली, ठेवणीतली साडी नेसून. पडदा काळा झाला तशी मोठ्यानं म्हणाली, "इंटरव्हल!" सगळं थेटर हसलं. बाहेर आलो तर लता उभी होती, केस पिकलेले. तीही बघायला आली होती. आक्काकडे बघून हसली. आक्कानं तोंड फिरवलं. "तिच्याशी काय बोलायचं? माझं कॉलेज घालवलं तिनं." आणि माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "तू तरी शिकलास, बरं झालं."

तेव्हा मी दहा वर्षांचा नव्हतो. चाळिशी उलटलेला घोडा होतो. लता दहा पावलांवर उभी होती. आणि मी काय बोललो? "चल आक्का, गाडी चुकंल तुझी."

लतानं काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. आणि आक्काला मी गाडीत बसवून आलो.