वरल्या पट्टीचे पाणी

मरणाऱ्याची वाणी अग्नीत विलीन होते, असे जुनेजाणते सांगत आले. सावद्याच्या तोताराम नानांच्या मुलाची, चंदनची वाणी मात्र घरातल्या संगणकात राहिली होती. केळीच्या बागेतल्या ठिबकाच्या वेळा सांभाळणारा एक छोटा प्रोग्राम त्याने स्वतः रचला होता. वेळ भरली की त्याच्याच आवाजात नानांना हाक येई. चंदन गेल्यावरही ती येत राहिली, आणि नाना निमूटपणे उठून कॉक बंद करीत राहिले.

मग संगणक बिघडला. दुरुस्त होऊन आला तो जणू पूर्वजन्म विसरून. प्रोग्राम होता, पण उघडेना. आवश्यक फाइल सापडत नाही, एवढेच पडद्यावर येई. धुळ्याला दिलेली लेक भूमिका हिने फोनवर समजावले, की तो ज्याच्या आधारावर चालतो ते रनटाइमच पुसले गेले आहे, ते नेटवरून उतरवून घ्यावे लागेल. दादाचा आवाज आत तसाच आहे.

मोबाइलचे नेट खिडकीच्या एका कोपऱ्यातच येई. फोन तिथे टेकवून नाना पडद्यासमोर बसले. फाइल किती उतरली ते दाखवणारी हिरवी रेघ थोडी सरके, थबके. थबकली की नाना ती रद्द करून पुन्हा सुरू करीत. ठिबकाची नळी चोंदली की पाणी तोडून पुन्हा सोडायचे, हे त्यांच्या हाताचे जन्माचे वळण. रेघ पुन्हा मुळापासून निघे. यंत्राचा पंखा घुरघुरे, आणि आत कोणीतरी दाराशी येऊन परत फिरते आहे, असे त्यांना वाटू लागले.

चंदनची आई पुष्पाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "त्याले असं घडीघडी मांगे नका ढकलू."

नानांनी पुष्पाबाईंच्या फोनवरून लेकीला फोन लावला.

"ते नळीसारखं चोंदेल नाही, नाना," भूमिका म्हणाली. "सावकाश येते. तुम्ही त्याले हातच नका लावू."

नानांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ऊन भिंतीवरून उतरत गेले. रेघ भरली. भूमिका सांगेल तशा कळा त्यांनी दाबल्या. प्रोग्राम उघडला, आणि इतके दिवस तुंबलेली हाक लगेच आली.

"नाना, वरल्या पट्टीचा कॉक बंद करा. केयीले पानी भलतं झालं."

संगणक दुरुस्तीला असतानाच वरल्या पट्टीतली केळी कापून झाली होती; तिथे आता नुसती नांगरट होती, आणि कॉक बंदच होता. तरी नाना उठून शेतात गेले. मोटार लावून त्यांनी कॉक पूर्ण उघडला, काळ्या ढेकळांवर पाणी वाहू दिले. आणि मग, सांगितल्याप्रमाणे, बंद केला.