डोंगराचं माप

लग्न होईपर्यंत मी डोंगर जवळून पाहिला नव्हता. माझं माहेर दर्यापूरकडचं, काळ्या जमिनीतलं. तिथे उंच म्हणावं असं एक देवळाचा कळस आणि दुसरी कापसाची गंजी. पाऊस उघडला की उत्तरेला एक निळसर रेघ दिसायची. तो सातपुडा, असं मोठी माणसं सांगत. मला ती रेघच वाटायची, आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

आमच्या ह्यांना मात्र त्या रेघेनं लहानपणापासून पछाडलेलं. हे अमरावतीला शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. पोरांना पेला, वांगं आणि आडवी ठेवलेली बादली काढायला शिकवायचे आणि घरी येऊन त्या बादलीच्या नावानं बोटं मोडायचे. एक इंग्रज साहेब बदली होऊन गेला, त्याच्या सामानाच्या लिलावातून ह्यांनी कॅमेरा आणला. लाकडी पेटी, कातड्याचा भाता, तीन पायांची घोडी, डोक्यावर घ्यायचं काळं कापड. घरात सवत आली हे मी त्याच दिवशी ओळखलं. धूळ बसू नये म्हणून तिला मऊ दुलई होती, मला नव्हती.

गल्लीतली माणसं कोट घालून, पोरांना तेल लावून दारात यायची, आमचा फोटो काढा म्हणायची. हे वाटेला लावायचे. "मले डोंगर काढायचा हाय," म्हणायचे. माणसांना वाटे मास्तरला शिष्टपणा चढला. मलाही तसंच वाटे. त्या वर्षी नागपूरला चित्रांचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात एक भिंत फोटोंसाठी ठेवली होती. त्या भिंतीवर आपला डोंगर लागावा, एवढं एकच ह्यांच्या मनात होतं. जेवताना तेच, झोपताना तेच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चिखलदऱ्याला गेलो. परतवाड्यापर्यंत मोटर आणि पुढे घाटात दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी. दमणीत गादीवर कॅमेरा बसला होता आणि मी चढाला बैलांमागून पायी चालत होते. हे जे सांगते आहे ते तक्रार म्हणून नाही, तसंच होतं म्हणून.

वर पोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की चिखलदऱ्याला डोंगर दिसतच नाही. आपण त्याच्या पाठीवर उभे असतो. वर सगळं सपाट, आमच्या गावच्या शेतासारखंच, फक्त गार. डोंगर पाहायचा तर कड्याच्या टोकाशी जाऊन खाली पाहावं लागतं, आणि खाली पाहून काढलेल्या फोटोत खोली उतरत नाही. हे पहिले दोनतीन दिवस नुसते खाली पाहून काचेच्या प्लेटा वाया घालवत होते. रात्री कंदिलाला लाल कागद लावून त्या धुवायचे आणि सकाळी त्यांच्याकडे बघून त्या बाजूला सारायचे. दऱ्या कागदावर सांडलेल्या डाळीसारख्या पसरट दिसत होत्या.

मग ह्यांनी पुठ्ठ्याला एक चौकोनी खिडकी कापली आणि ती डोळ्यापुढे धरून हिंडायला लागले. जे खिडकीत मावेल ते चित्र, बाकीचं जग नाही, असा त्यांचा नेम. मी मागे डबा घेऊन. त्यांचं बोलणं ऐकून ऐकून मलाही पुष्कळ कळायला लागलं. दुपारी डोंगर सपाट होतो, सकाळी तिरपं ऊन पडलं की त्याला अंग येतं. आभाळ अर्धं घेतलं की चित्राचे दोन तुकडे होतात. समोर जवळचं काहीतरी असावं, नाहीतर नजर एकदम लांब उडी मारते आणि पडते.

एकदा मी म्हटलं, "मले पाहू द्या ना."

त्यांनी काळं कापड माझ्या डोक्यावर टाकलं. आत घासलेल्या काचेवर सगळा डोंगर उलटा लटकलेला होता, आभाळ खाली, खडक वर. पहिल्यांदा गरगरलं. मग लक्षात आलं की उलटं असल्यामुळे तो डोंगर आहे हेच विसरायला होतं आणि नुसते काळेपांढरे तुकडे दिसतात. कुठला तुकडा जड झाला ते लगेच समजतं. मी आतूनच म्हटलं, "समोरचं गवत लय झालं. अन् डावीकडचा उंबर काढून टाका, डोळा तठीच अडकते."

ह्यांनी घोडी उचलून चार हात उजवीकडे नेली. तिथून पाहिलं तेव्हा चित्र बसलं होतं. खडकाची एक जीभ दरीवर पुढे आलेली, तिच्यावर सकाळचं ऊन, आणि तिच्या मागे समोरचा कडा अजून सावलीत, काळाभोर. ते मला आवडलं हे त्यांना दिसलं असावं, कारण त्या दिवसापासून प्रत्येक वेळी कापड आधी माझ्या डोक्यावर यायला लागलं.

तरी प्लेट धुतल्यावर त्यात काहीतरी कमी होतं. कडा होता, पण तो केवढा ते कळत नव्हतं. "माप नाई त्याले," हे म्हणाले. "तू त्या जिभेवर जाऊन उभी राय."

मी गेले. अंगावर लाल लुगडं होतं. परत येऊन प्लेट धुतली तर मी त्यात नव्हतेच. त्या प्लेटांना लाल रंग दिसत नसे, लाल तेवढं काळं होई, आणि काळ्या कड्यापुढे काळी बाई दिसणार कशी? हे हसले. मी नाही हसले, कारण पाय सांभाळत त्या टोकावर मी गेले होते, प्लेट नव्हती गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पेटी उघडून मागच्या भाऊबीजेला भावानं घातलेलं आसमानी लुगडं काढलं. निळा रंग त्या प्लेटांवर पांढराशुभ्र येतो, हे त्यांना ठाऊक होतं. "हे नेस. मंग पाय कशी उठून दिसते," म्हणाले. मी नेसले. वारा होता म्हणून पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. खडकाच्या टोकावर जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. हे मागून ओरडले, "हलू नको!" मी हलले नाही. खाली दरीत धुकं उतरत होतं. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. उलट आजवर कुठल्याच अंगणात, कुठल्याच मांडवात मी इतकी मोठी नव्हते असं वाटलं. गंमत अशी की फोटोत मी तिळाएवढी आले.

पण त्या तिळानं काम केलं. अमरावतीला येऊन ह्यांनी ओट्यावर प्लेटेखाली कागद ठेवून उन्हात धरला आणि हळूहळू तो कडा वर आला. आधी पांढरा ठिपका दिसायचा, मग तो ठिपका बाई आहे हे कळायचं, आणि तिसऱ्या क्षणाला दरी उघडायची. एवढी खोल, की पाहणारा कागद थोडा लांब धरी. हे त्या दिवशी शाळेतही गेले नाहीत. मलाही तो फोटो जसाच्या तसा नागपूरच्या भिंतीवर जायला हवा होता. मी स्वतःसाठी म्हणून कधी फार काही मागितलं नव्हतं, पण हे मनातल्या मनात रोज मागत होते.

मग ह्यांना ताप आला. मेळघाटातून येणाऱ्या माणसाला येतो तो हिवताप. दुपारी थंडी वाजायची, मग अंग भाजायचं, मग घाम. डॉक्टरनं क्विनाईन दिलं आणि घाबरायचं कारण नाही म्हणाला. तरी निरोप गेला आणि गावाकडून सासूबाई आल्या. मुलाच्या कपाळावर हात ठेवला, पाय दाबले, आणि मग त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. फोटो तिथे खिळ्याला लावलेला होता.

"हे कोन बाई व्हय?" त्यांनी विचारलं.

"मीच व्हय," मी म्हटलं.

त्या उठून जवळ गेल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पांढऱ्या लुगड्यात? माहा पोरगा जित्ता हाय ना अजून."

सासूबाई स्वतः पांढऱ्या लुगड्यात उभ्या होत्या. कितीतरी वर्षं त्या तेच नेसत होत्या. आमच्याकडे नवरा गेला की बाईच्या अंगावर पांढरं येई आणि पदर कपाळापर्यंत. मी पुन्हा फोटोकडे पाहिलं. डोंगर चढलो, उतरलो, प्लेट धुतली, कागद छापला, आणि आम्हा दोघांना एकदाही हे दिसलं नव्हतं. आम्ही ठिपका पाहत होतो. आता मलाही कड्याच्या टोकावर पाठ फिरवून एकटी उभी असलेली एक विधवा दिसली, आणि एकदा दिसल्यावर ती जाईना.

मी दोरीवरचं आसमानी लुगडं आणून त्यांच्यापुढे धरलं. प्लेटेचा गुण सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कागदाले काय समजते तुहं आसमानी?" त्या म्हणाल्या. "पायनाराले पांढरंच दिसते." मी लुगडं पुन्हा दोरीवर टाकलं. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी ताप पुन्हा चढला. हे डोळे मिटून पडले होते. मला म्हणाले, "तो फोटो जरा भिंतीकडं फिरव." मी फिरवला. ज्या माणसानं पोरांना रंग आणि सावली शिकवण्यात आयुष्य घालवलं, तो स्वतः काढलेल्या कागदाकडे पाहायला भ्यायला लागला होता. मला त्याचं हसू आलं नाही. ताप मला नव्हता.

ताप उतरला. क्विनाईननं उतरला, असं डॉक्टर म्हणाला. सासूबाईंचं वेगळं मत होतं. पण त्यांनी प्लेट फोडा म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, की ही बाई घरातही नको आणि नागपूरच्या भिंतीवर तर नकोच. हे काही दिवस मार्ग शोधत होते. छापलेल्या कागदावर कुंचल्यानं लुगडं हिरवं करून पाहिलं, पण प्रदर्शनात रंग लावलेला फोटो चालत नव्हता. ठिपका थोडा राखाडी करून पाहिला तर तो खडकात विरघळला. पुन्हा डोंगरावर जायचं नाव तर सासूबाई असेपर्यंत तोंडातून काढायची सोय नव्हती. लाल नेसले तर मी नाहीशी होत होते आणि निळं नेसले तर विधवा. तिसरा रंग ह्यांच्या प्लेटांपाशी नव्हता.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे खिडकीशी बसले होते. प्लेट तिरपी ठेवलेली, खाली उजेड वर टाकायला आरसा, हातात बारीक पात्याची सुरी. काचेवर पांढरं असतं ते काळं उमटलेलं असतं. ते खरवडलं की कागदावर तिथे अंधार येतो. हे श्वास रोखून खरवडत होते.

"काय करून राहिले?" मी विचारलं.

"जराशी सफाई."

"मले खोडून राहिले?"

सुरी थांबली. "मायचं मन राखावं लागते," ते म्हणाले.

"मायचं, का तुमचं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. पातं फडक्याला पुसत म्हणाले, "थंडी मले वाजत होती. तुले नाई."

मी चहा ठेवला आणि आत आले. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. ह्यांच्यावर काढावा तर ते खरं बोलले होते. नवरा जगावा असं मला वाटत नव्हतं का? वाटत होतं. त्याच्यासाठी ती बाई पुसली गेली तर मी काय म्हणून भांडायचं? तरी त्या खडकावर मी उभी राहिले होते, आणि हे एवढं सफाईनं खरवडत होते, की खालच्या खडकाला ओरखडासुद्धा नव्हता. हात फार चांगला होता ह्यांचा.

नवा कागद छापला तो सासूबाईंनी बघितला आणि समाधानानं गावी गेल्या. मीही बघितला. मी नसताना तो कडा कडा राहिला नव्हता. आमच्या शेताकडेच्या नाल्याची दरड असावी तसा दिसत होता, माणूसभर उंचीची. ह्यांना हे दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण प्रदर्शनाची तारीख आली होती, आणि फोटो गेला.

तो लागलाही. आम्ही दोघं रेल्वेनं नागपूरला पाहायला गेलो. मोठा दिवाणखाना, खुर्च्या, पाण्याचा माठ. आमचा फोटो खिडकीशेजारी होता, चांगल्या उजेडात. हे अंगावरचा कोट पुन्हा पुन्हा ओढत त्याच्या बाजूला उभे राहिले, मी दोन पावलं मागे. लोक येत, पाहत, पुढच्या फोटोकडे सरकत. फार कोणी थांबत नव्हतं. मग एक पगडीवाले वयस्कर गृहस्थ थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"बांधणी छान आहे," ते म्हणाले. "पण हा खडक आहे केवढा? काही अंदाज येत नाही."

ह्यांचा चेहरा उजळला. "फार मोठा आहे, साहेब," शाळेतल्या भाषेत म्हणाले. "त्या टोकावर माणूस उभं केलं, तर तिळाएवढं दिसेल."

"मग करायचं होतं ना उभं," गृहस्थ म्हणाले.

हे कोटाचं बटण चाचपायला लागले. परक्या माणसाशी मी कधी आपण होऊन बोलले नव्हते, पण तिथे बोलले.

"केलं होतं," मी म्हटलं.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून, बोटानं काचेपासून थोडं अंतर ठेवून, ते त्या खडकावर मला शोधायला लागले.