काळ्या कापडाखालचा किल्ला

उन्हात वाळत घातलेल्या छत्रीच्या तापल्या कापडाचा वास आला, की मी थेट धारूरच्या किल्ल्यावर पोचते.

निजामाचं राज्य होतं आणि माझं नुकतंच लग्न झालं होतं. आम्ही सासरची सगळी माणसं बैलगाड्यांतून किल्ला बघायला निघालो. वाटाड्या पुढे बुरूज दाखवत चालला होता. मागे हैदराबादेहून आलेला फोटोवाला, खांद्यावर तीन पायांचा कॅमेरा घेऊन. दरवाजापाशी त्यानं पुरुषांना उभं केलं आणि हौस म्हणून सासूबाईंना कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली डोकावू दिलं. त्या दचकून बाहेर आल्या.

"अगं बया, समदे उलटे लटकलेत! अहो, फेटा धरा, पडंल!" त्या सासऱ्यांना ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "तू बघ गं, खरंच हाय का?"

मी आत शिरले. उबदार अंधार होता, आणि काचेवर इवलासा किल्ला आभाळाला टांगलेला. थोरांसमोर पदर सारायची सोय नव्हती, पण इथं मला कोण बघणार? मी पदर सारला आणि भर उजेडातला यांचा चेहरा पहिल्यांदाच डोळे भरून पाहिला.

"दिसलं का गं?" बाहेरून सासूबाई.

"न्हाई अजून," मी म्हणाले.

तो फोटो अजून भिंतीवर आहे. सासऱ्यांनी फेटा घट्ट धरलाय. हे सरळ उभे आहेत, पण परक्यासारखे. माझे हे उलटे होते, आभाळात पाय रोवून, हसू दाबत.