पाच खरी वाक्यं

आणीबाणीतल्या हिवाळ्यात आम्ही दोघं रामदासपेठेत सकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जायचो. पत्रकं मराठीत लिहायची आणि साहेबापुढे निवेदन मात्र इंग्रजीत ठेवायचं, याची मला भयंकर चीड. माझा सोबती उमरेडच्या विणकराचा मुलगा. आमची सरकारविरोधी पत्रकं काटोलला चोरून छापून दर शनिवारी दुपारच्या एस.टी.नं संत्र्यांच्या पेटीत यायची. ती पेटी तो उतरवून घ्यायचा. हे आमच्या गटातल्या चौघांनाच माहीत.

सरांचा नियम एकच: वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं. पुस्तकातलं दिसलं की शून्य. त्या शुक्रवारी फळ्यावर 'पिक अप' होतं; त्याची पाच वाक्यं दुसऱ्या दिवशी लिहून आणायची. पडलेलं उचलणं, कुणाला वाटेत गाडीत घेणं, ऐकून ऐकून भाषा शिकणं, आजारातून उठून तब्येत धरणं. पाचवा अर्थ, पोलिसांनी माणूस उचलणं, सरांनी लिहिला आणि लगेच पुसला.

शनिवारी त्यांनी सोबत्याची वही मोठ्यानं वाचली. "दर शनिवारी मी काटोलच्या बसमधून संत्र्यांची पेटी उचलतो. ती फार जड असते." मग मान वर करून म्हणाले, "शाबास! खरं वाक्य! पण संत्री इतकी जड काहून गा? गोटे भरून राहिला का काटोलवाला?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरचा तपकिरी बुटांचा माणूस हसला नाही. तो आठवड्यापूर्वीच आला होता आणि त्यानं वही कधीच दिली नव्हती. तो चिठ्ठीवर काहीतरी लिहीत होता.

बाहेर येताच मी भडकलो. "डोकं ठिकाणावर आहे का? गुप्तता पाळा म्हणून साऱ्यांले सांगतो आपण, आन् तू मार्कांसाठी वहीत लिहितं?"

"सर म्हणे खरं लिहा. मले दुसरं सुचलंच नाही."

"आज जाऊ नको."

"बस निघाली असंन. मी नाही गेलो तं पेटी कंडक्टरच्या गळ्यात. त्याले आतलं काहीच माहीत नाही. त्याले उचलतीन."

मी स्टँडसमोरच्या पानठेल्याशी उभा राहिलो. बस आली. त्यानं पेटी खांद्यावर घेतली. तपकिरी बूट आधीच तिथं होते. पेटीला कुणी हात लावला नाही. हात त्याच्या दंडावर पडला. जीपमध्ये चढताना सोबत्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सोमवारी सरांनी वह्या वाटल्या. त्याची वही माझ्या हातात दिली. लाल शाईत पाचपैकी पाच. मागचा बाक रिकामा होता. सरांनी नवं क्रियापद फळ्यावर लिहिलं आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "वाक्यं पुस्तकातलीच लिहा."